न भाजलेला राब

वैशाख उजाडला आणि नेऱ्याच्या वरच्या अंगाला धूर नाही, असं कधी झालं नव्हतं. यंदा झालं. डोंगराच्या पायथ्याची शेतं नुसती उन्हात पडून होती आणि लोक सकाळी उठून दात घासता घासता एकमेकांच्या शेताकडे बघत होते, कुणाचा धूर निघतो का म्हणून.

एरवी या दिवसांत घरोघरचा राब भाजून व्हायचा. थंडीतच ऐनाच्या झाडाचे टहाळ तोडून ठेवायचे. वाळले की शेताच्या एका कोपऱ्यात पसरायचे, त्यावर शेण, पाचोळा, गवत, वरून मातीचा हात, आणि मग काडी लावायची. जमीन भाजली की तण मरतं, राख मुरते, आणि पावसात त्या कोपऱ्यात भाताचं रोप काय वर येतं म्हणता! बापजाद्यांपासून हेच चाललेलं. आणि हे बंद करायला लावणारा माणूस कोण? तर दाजी भोपी. ज्याच्यासारखा राब पंचक्रोशीत कुणी भाजत नाही म्हणून लोक त्याचा हात मानत, तोच.

त्याचं कारण होतं सत्यजीत. हा पनवेलच्या एका संस्थेचा पोरगेला साहेब, दिवाळीनंतर मोटरसायकल उडवत गावात आला होता. म्हणाला, "काका, तुमच्या वरकसावर, त्या उताराच्या जमिनीवर, नुसतं गवत वाढतं. तिथे बांबू लावा, आंबा लावा, शिवण लावा. रोपं आम्ही देतो. ऐन तोडू नका, काही जाळू नका, शेतात कंपोस्ट टाका. झाडं आणि माती हवेतला कार्बन धरून ठेवतात. ज्या कंपन्या धूर सोडतात त्या त्याचे पैसे देतात, दरवर्षी."

"म्हंजे धूर त्यांनी करायचा आनि आमी नाय करायचा, त्याचं पैसं?" हिराजी म्हात्रे म्हणाला. हा दाजीचा शेजारी, बांधाला बांध लागून. सगळे हसले. सत्यजीतही हसला.

"तसंच समजा. पण अट एक आहे. सगळं गाव एकत्र धरलंय. एकाने जरी मुद्दाम जाळलं, तर सगळ्यांचं वर्ष बाद."

लोक मागे सरले. तेव्हा दाजी उठून उभा राहिला. त्याच्या शेताला तीन बाजूंनी फार्महाऊसच्या भिंती आल्या होत्या आणि कळंबोलीच्या लोखंड बाजारात कामाला असलेला त्याचा मुलगा परेश दर रविवारी एकच तुणतुणं वाजवायचा, बाबा, जमीन विका, चौथी बाजू पण देऊन टाका. झाडं लावून करार केला तर कित्येक वर्षं ती जमीन कुणाला देता येणार नव्हती. हे दाजीने कुणाला सांगितलं नाही. त्याने सांगितलं ते डोंगराचं, पाण्याचं, पोराबाळांचं. तासभर बोलला. शेवटी सगळ्यांना गावदेवीच्या देवळात नेलं, मधोमध नारळ ठेवला आणि पहिला हात आपला ठेवला. "राब भाजनार नाय. ऐन तोडनार नाय. बोला." लोक बोलले. पायरीखाली दादू हिलम उभा होता. दाजीच्याच जागेत त्याची झोपडी, वर डोंगरात जंगलखात्याने कसायला दिलेला त्याचा दळीचा एक तुकडा. कातकऱ्याला कुणी आत बोलावलं नव्हतं. दाजीनेच हाक मारली, "ये रं दादू, तू पन ठेव हात." दादूने सगळ्यांच्या शेवटी, बोटं टेकवल्यासारखा हात ठेवला.

रोपांची राखणही दादूलाच मिळाली. महिन्याला पगार, एक शिट्टी आणि एक हिरवी टोपी. ती टोपी घालून तो नेऱ्याच्या बाजारालाही जायचा. बारकी, त्याची बायको, त्याला टोपीसायेब म्हणून चिडवायची.

आता वैशाखात काय झालं, तर दाजीच्या अंगणात संस्थेची कंपोस्टची पोती येऊन पडली आणि वेणू, त्याची बायको, त्या पोत्यात हात घालून हातातली भुसभुशीत माती बघत बसली.

"यावर रोप येनार हाय?"

"सायेब बोलतंय येतं म्हनून."

"सायबाच्या बापानं कदी भात लावलाय?" वेणू हात झटकत म्हणाली. "तन येईल कमरेएवढं. पिवलं रोप घेऊन लावनीला उभं राहा मंग. दाजी भोप्याचं पिवलं रोप! लोकं वरातीला येतील."

"गप गो."

पण तिने नेमकं तिथेच बोट ठेवलं होतं. गेल्या थंडीत, नारळावर हात ठेवायच्या आधी तोडलेला टहाळ शेताच्या कोपऱ्यात रचून पडला होता. खणखणीत वाळलेला. दाजी रोज तिकडून जाताना त्याच्याकडे बघायचा. आधी तोडलेला, मग तो जाळला तर तोडायची शपथ कुठे मोडते, असं मनाशी म्हणायचा. भाजायची मोडते, हे काय त्याला कळत नव्हतं? पण माणसाला स्वतःशी खोटं बोलायला वकील लागत नाही. एक कोपरा तर भाजायचा. बाकी कंपोस्ट. कुणाला कळणार?

राब भाजायचा तो भल्या सकाळी, वारा पडलेला असताना, वरच्या बाजूने काडी लावून, म्हणजे आग सावकाश खाली उतरते. हे दाजीनेच निम्म्या गावाला शिकवलं होतं. पण सकाळी रस्त्याला माणसं असतात. म्हणून त्याने काडी लावली ती भर दुपारी, गाव जेवून आडवं झाल्यावर. वेणू पाण्याचा हंडा घेऊन बांधावर उभी राहिली. भाजला बाकी झकास. धूरही फार नाही. दाजी मनात खूश झाला, आणि तेवढ्यात डोंगराकडे वाऱ्याची एक झुळूक फिरली. जळती पानं उडाली ती बांधापलीकडे, वरकसाच्या वाळल्या गवतात पडली.

पुढचं काय सांगावं. दाजी नुसता धावला. हातात काही नाही, पायात काही नाही. वेणूने हंडा ओतला, तो तर आगीला चूळ भरण्याइतकाही पुरला नाही. गवत चटचट पेटत वर चाललं. नवे लावलेले बांबू, आंब्याची कलमं, सगळी एकेक करून वाकली. वरून शिट्टी वाजली आणि दादू उड्या घेत खाली आला. त्याने हिरवी डहाळी तोडली, एक दाजीच्या हातात दिली आणि दोघं आग झोडपत सुटले. दाजीच्या छातीत भाता चालला होता. दादू अनवाणी, निखाऱ्यांवरून पुढे पुढे जाऊन आगीचं तोंड फोडत होता. हिराजीच्या बांबूंचा अर्धा पट्टा गेला तेव्हा कुठे आग विझली.

दादू खाली बसला. तळपायाची कातडी सुटली होती. त्याने आधी भाजलेल्या कोपऱ्याकडे पाहिलं, मग वेणूच्या रिकाम्या हंड्याकडे, मग दाजीकडे. दाजीच्या मुठीत काडेपेटी तशीच होती.

"दुपारचं, शेट?" दादू एवढंच म्हणाला.

दाजीने काडेपेटी खिशात घातली. त्याच संध्याकाळी त्याने तो कोपरा नांगरून टाकला आणि वरून कंपोस्टची दोन पोती उपडी केली.

दुसऱ्या दिवशी सत्यजीत आला. त्याच्या मोबाइलमध्ये वरून काढलेला डोंगराचा फोटो होता आणि त्यात काळा डाग दिसत होता. सगळं गाव त्या जळक्या गवतात गोळा झालं. सत्यजीत चिडला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं.

"मला फक्त कळायला हवं आग कुठून आली. बाहेरून, वणव्याची आली असेल तर काही अडत नाही, रोपं पुन्हा लावू. पण कुणी राब भाजताना लागली असेल, तर मग सगळ्यांचंच वर्ष जातं. माझ्या हातात नाही ते."

मग हिराजी म्हणाला, "कातकरी लोकांनी लावली असनार. सशाच्या शिकारीला गवत पेटवतात हे. दरसालचं हाय."

"दाजीकाका," सत्यजीत वळला. "तुमचं शेत लागून आहे. कुठून आली?"

सगळे दाजीकडे बघू लागले. समोर हिराजी, त्याची बायको, म्हातारेकोतारे, नारळावर हात ठेवलेले सगळे. खरं बोललं तर सगळ्यांचं वर्ष जातं. खरं बोललं तर परेश हसणार आणि चौथी बाजूही जाणार. आणि खरं बोललं तर दाजी भोपी जन्मात कधी वर मान करू शकणार नाही. हे सगळं त्याच्या डोक्यात एका क्षणात येऊन गेलं आणि हात आपोआप उचलला गेला. त्याने डोंगराकडे बोट केलं. कातकऱ्यांच्या वाडीकडे.

"वरून," तो म्हणाला.

दादू तिथेच उभा होता, पायांना चिंध्या गुंडाळून. त्याने दाजीकडे बघितलंच नाही. आपल्या पायांकडे बघत राहिला.

"दादू, तुझ्याकडे राखण होती ना?" सत्यजीत अवघडून म्हणाला. "मला वर उत्तर द्यावं लागतं रे. तूर्त राखण दुसऱ्या कुणाला देतो."

दादूने टोपी काढली. तिच्यावर राख होती. ती त्याने मांडीवर आपटून झटकली, नीट दोन्ही हातांनी धरून सत्यजीतला दिली आणि लंगडत वर निघून गेला.

त्या संध्याकाळी वेणूने ताट वाढलं आणि समोर बसून राहिली.

"वरून?" ती म्हणाली.

"मंग काय बोलायला पायजे होतं? तूच लागली होतीस माज्या मागं, पिवलं रोप, पिवलं रोप."

"मी राब भाजा बोल्ले. त्याच्या नावानं भाजा नाय बोल्ले."

दाजीने घास तोंडात घातला. तो उतरेना. पाणी प्यायला, तरी उतरेना. शेवटी ताटातच हात धुतला आणि उठला. वेणूही जेवली नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे दादू कामाला येत राहिला. पाय बरे झाले तसा बारकीला घेऊन आला आणि बांध घालायला लागला, दरवर्षीसारखा. येणार नाही तर जाईल कुठे? झोपडी दाजीच्या जागेत. दाजी त्याच्या डोळ्याला डोळा देऊ शकत नव्हता. चहा दोनदा पाठवायचा. एकदा बाजारातून सुके बोंबील आणून त्याच्या पाटीत ठेवले. निघताना दादूने ते पाटीतून काढून ओटीवर ठेवले. "इसरलात वाटतं, शेट," म्हणाला. रागाने नाही, अगदी सरळ. दाजीला वाटलं, त्याने थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं.

पाऊस लागला, धरला. पेरलेलं उगवलं. आणि मग दाजीची खरी फजिती सुरू झाली.

गावात कंपोस्टवरचं रोप सगळीकडे आलं होतं. सत्यजीत अगदीच खोटं बोलला नव्हता. रोप आलं, पण विरळ, फिकट, तणाच्या गर्दीत मान काढून उभं. पहिलंच वर्ष, चालायचंच. पण दाजीच्या कोपऱ्यात रोप दाट आणि काळंशार होतं. नेऱ्याच्या रस्त्याने एस्टीतून जाणाऱ्यालाही दिसावं असं. भाजलेल्या राबाचं रोप कसं दिसतं हे या गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. ते लपवायचं कुठे? पोती उपडी करून राख झाकली, पण हिरव्या रंगावर काय झाकणार होता तो?

लोकांनी विचारलं नाही. तेच मारत होतं. हिराजी बांधावर उभा राहून म्हणाला, "दाजी, काय घातलंस रं? आमाला पन सांग."

"तेच. पोत्यातलं."

"असेल असेल." हिराजी तणाकडे बघत म्हणाला. "आमच्या पोत्यांत बारका माल आयला वाटतं." आणि हसला नाही.

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. दाजीला तेव्हा कळलं. सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे गप्प होते, कारण दाजीचं नाव घेतलं तर सगळ्यांचं वर्ष जाणार, दादूचं घेतलं तर कुणाचं काहीच जात नव्हतं. आपल्या पापात अख्ख्या गावाला भागीदार केलं आपण, असं त्याला वाटलं. तो रस्त्याने जाणं सोडून ओढ्याच्या वाटेने शेतात जाऊ लागला. खेकड्यांनी रोप कुरतडावं, कुणाची म्हैस घुसावी, असलंही त्याच्या मनात यायचं. आपल्याच रोपाचा नाश चिंतणारा शेतकरी कुणी पाहिलाय का? पण एक खेकडा फिरकला नाही.

लावणीच्या दिवशी हिराजीच्या घरचे दाजीकडे आले होते. आज यांच्याकडे, उद्या त्यांच्याकडे, अशीच इथली लावणी होते. पाऊस कमी-जास्त होत होता. दादू आणि बारकी कोपऱ्यात वाकून रोप उपटत होते, मुठी बांधत होते. आणि बांधावरून रेनकोट फडफडवत सत्यजीत आला.

आला तो जागच्या जागी थबकला. "अरे बापरे! काका! हे राब न भाजता?"

कुणी मान वर केली नाही. चिखलात रोवणारे हात तेवढे चालू राहिले.

"मी चार गावं फिरून आलो, असं रोप कुठेच नाही. आणि लोक म्हणतात राबाशिवाय होत नाही! काका, तुमचा व्हिडिओ करू या. तुमचं ऐकून शंभर लोक भाजायचं सोडतील." त्याने मोबाइल पिशवीतून काढला. "दादू, एक मूठ दे ना काकांच्या हातात. मुळांसकट, उंच धरा."

दादूने नुकतीच उपटलेली मूठ हातात घेतली. मुळांत माती होती आणि मातीत कोळशाचे तुकडे, चांगले करंगळीएवढे. दाजीला ते दिसले. दादूलाही दिसले. मग त्याने ती मूठ पाण्यात बुडवली, दोनदा खळबळली, बोटांनी मुळं विंचरली, कोळसा पाण्यात जाऊ दिला, आणि पांढरीशुभ्र मुळं झालेली मूठ दाजीच्या हातात ठेवली.

ज्याच्या डोक्यावर दाजीने आगीचा आळ घातला होता, तो दाजीची लाज धूत होता.

"बोला काका. राब भाजला नाही, तरी रोप चांगलं येतं. एवढंच बोला."

"राब," दाजी म्हणाला. वेणू कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत होती. "राब भाजला नाय. तरी... रोप चांगलं येतं."

"मस्त!" सत्यजीत म्हणाला. आणि हिराजीच्या ओटीवर चहा-जेवणाला गेला. हिराजीही पाठोपाठ गेला, पाहुणा म्हटल्यावर.

दुपारपर्यंत खाचरं लावून झाली आणि कोपऱ्यात बरंच रोप उरलं. दाजीने काही न बोलता ते उपटलं, मुठी बांधल्या, मोठा भारा केला. वेणूच्या मदतीने डोक्यावर घेतला. पाणी निथळून कपाळावरून डोळ्यांत येत होतं. "कुठं निगालात?" असं वेणूने विचारलं नाही. तिला कळलं होतं.

डोंगराची वाट निसरडी. दोनदा गुडघा टेकला. भोप्यांच्या घरातला माणूस कातकऱ्याच्या शेतावर भारा घेऊन चाललेला गावाने कधी पाहिला नव्हता, पण दाजीला आता त्याचं काही वाटत नव्हतं. दादू आणि बारकी त्याच्या आधीच वर पोचून आपल्या तुकड्यात वाकले होते. दाजीने त्यांचं रोप पाहिलं. पिवळं, वीतभर, जागोजागी टक्कल पडलेलं. बांधावर संस्थेचं रिकामं पोतं घडी करून दगडाखाली ठेवलं होतं. दादूने भाजलं नव्हतं. पायरीखालून येऊन सगळ्यांच्या शेवटी बोटं टेकवली होती, तेवढ्यासाठी.

"दादू," दाजी म्हणाला. "रोप आनलंय. तुज्या खाचराला पुरंल."

दादू उभा राहिला. रोपाकडे बघून त्याचा हात जरा पुढे आला. बारकी मात्र मध्ये आली.

"नको, शेट."

"अगं, उरलंय ते. फुकट जाईल."

"फुकट जाऊ दे." बारकीने हाताच्या मागच्या बाजूने तोंडावरचं पाणी पुसलं. "हे कालं रोप आमच्या शेतात दिसलं तर लोकं काय बोलतील? बगा, यांनीच भाजला राब. आमचं पिवलं हाय तेच बरं. त्याच्याकडं बघून तरी कलंल, आमी आग नाय लावली."

दादूने बारकीकडे पाहिलं, दाजीकडे पाहिलं, मग पुन्हा वाकला आणि पिवळं रोप एकेक काडी करून रोवू लागला. भारा उतरवायला दोघांतलं कुणी पुढे आलं नाही. ओल्या रोपाचा भारा एकट्याला उतरवता येत नाही. दाजी वळला आणि भाऱ्यासकट खाली उतरला.

हिराजीच्या ओटीवर सत्यजीत निघायच्या तयारीत होता. मोबाइल पुसत होता. हिराजी, त्याची बायको, आणखी दोघं-तिघं बसले होते. दाजी अंगणात येऊन उभा राहिला. मानेची शीर फुगली होती, भाऱ्यातून चिखलाचं पाणी तोंडावरून गळत होतं.

"काका! अहो, आधी तो भारा उतरवा," सत्यजीत उठत म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या."

हिराजीला कळलं. तो पटकन म्हणाला, "दाजी, घरी जा. सगल्यांचं वर्ष हाय. इचार कर."

"केला इचार." दाजीने भाऱ्याखालून मान जेवढी वर होईल तेवढी केली. "सायेब, तो फोन पुन्ना चालू करा. आग वरून नव्हती आयली."